लाभाचा ग्लास

३ डिसेंबर, मंगळवार

काल काय सांगितलं होतं, आठवतंय का वहीबाई? नाही ना! ठाऊकच होतं मला. तुम्हा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचं हे असंच. कागदावर टाकलं की डोकं रिकामं. मग चष्मा शोधा, पान शोधा, आणि ‘अगं बाई, हे असं होतं होय!’ मी केराबाई — एक अक्षर शिकले नाही म्हणून एक गोष्ट विसरले नाही. शेजारच्या बिरुदेवच्या बापानं माझ्या लग्नात किती लाडू हाणले तेसुद्धा सांगेन. सतरा.

ही वही म्हणजे सुनेचा हट्ट. मी बोलायचं, पूनमनं लिहायचं. वैरागची आहे, बारावी झालीय. माझं ‘हाय’ खोडून ‘आहे’ लिहिते. लिहू दे. बारावी कुठंतरी कामाला यायला हवी.

आज सकाळी हंडा बुडवला तर पाण्यावर पुन्हा तो रंग. निळा, जांभळा, हिरवा — नव्या नवरीच्या शालूसारखा. हात घातला तर बुळबुळीत. धरणाचं मागचं पाणी आमच्या उंबऱ्यापासून पन्नास पावलांवर. अकरा होड्यांचा धक्का. चार वर्षांपूर्वी होड्यांना इंजिनं लागली तेव्हापासून हा शालू तरंगतोय. आम्ही हंडा तिरका करतो, फुंकर मारतो, भरतो. सवय झाली.

आता म्हणे साहेबलोक येणार. कशाला? तर थंडीत येतात ना ते लांब तंगड्यांचे गुलाबी पक्षी — त्यांच्या पिसांना तेल लागतंय! चार वर्षं माझ्या हाताला लागतंय, तेव्हा नाही कोणी आलं. मीपण एक पाय वर करून उभं राहायला हवं होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

साहेब नाही आले, मॅडम आल्या. सना नाव. सोलापूरची पोरगी, शुक्रवार पेठेतली, एवढीशी, पायात मोठे बूट. धक्क्यावर सगळ्यांना बसवलं. मी मागं चिंचेखाली. मला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून गेले.

मॅडमनं पांढऱ्या पुठ्ठ्यासारखा जाड कागद काढला. तेल तेवढं पितो, पाणी सोडतो. बिरुदेवची होडी चालू करायला लावली आणि पंख्यामागं तो कागद पाण्यावर टाकला. उचलला तर काळा! बिरुदेव म्हणाला, “मॅडम, ते माझं न्हाय. मागच्याचं वाहत आलं आसंल.” त्याच्या मागं कोणी नव्हतं. म्हैस होती.

मग तिनं समजावलं. आमची इंजिनं टू-स्ट्रोकची. त्यांना तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. दोन्ही एकदम इंजिनाच्या पोटात जातात. जेवढं जळेल तेवढं जळतं, उरलेलं खालच्या नळीतून थेट पाण्यात. “म्हणून जेवढं सांगितलंय तेवढंच ऑईल घाला. जास्त घातलं की ते धरणात गेलंच समजा. आणि हेच पाणी आमच्या नळाला येतं, हे पण लक्षात ठेवा!”

दहा जानेवारीला तपासणी. प्रत्येक होडीमागं कागद टाकणार. ज्याचा काळा, त्याचं इंजिन उतरवणार. चार-स्ट्रोकचं नवं आणा, नाहीतर वल्ही मारा.

सगळे हसले. माझा लेक जोतिराम नाही हसला.

दोन वर्षांपूर्वी तो बांधावरून उजव्या खांद्यावर पडला. तेव्हापासून हात कानाच्या वर जात नाही. वल्हं मारणं संपलं त्याचं. इंजिन आहे म्हणून होडी आहे. इंजिन गेलं की तो सोलापूरला, भवानी पेठेत यंत्रमागावर. परवा बोललाच तसं. भवानी पेठ काही परदेश नाही, पण गेलेला माणूस सणाला येतो आणि पाव्हण्यासारखा चहा पितो. मी बघितलंय.

तर कागद पांढरा निघाला पाहिजे. एवढंच!

६ डिसेंबर, शुक्रवार

आज गुन्हेगार शोधायला धक्क्यावर फिरले. सगळे गुन्हेगार आहेत. विशेषतः बिरुदेव.

९ डिसेंबर, सोमवार

पूनम, हे नीट लिही. आणि हसू नको.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. अकराही होड्यांचं पेट्रोल-ऑईल मीच मिसळते. हो, मी! झालं असं — जोतिरामनं पहिलं इंजिन आणलं त्या दिवशी पहिल्यांदा ऑईल माझ्या हातानं घातलं. संध्याकाळी जाळ्यात मरळच मरळ. टोपली पुरेना. झालं! दुसऱ्या दिवशी बिरुदेव कॅन घेऊन दारात. “काकू, तुमचा हात लावा की.” तिसऱ्या दिवशी सगळा धक्का. तेव्हापासून रोज पहाटे ओसरीवर कॅनांची रांग आणि मी मधोमध, पाटावर. मला देवीच वाटायचं. एक-दोघं नारळपण ठेवून गेले.

आज सना मॅडम पहाटेच आल्या, माप बघायला. म्हणाल्या, “पाच लिटरच्या कॅनला शंभर मिली लागतं. तुम्ही कशानं मोजता, आजी?”

मी चहाचा कटिंगचा ग्लास दाखवला. तिनं तिच्या नळीत पाणी ओतून मोजला. बरोबर शंभर! “वा, आजी! एका कॅनला किती घालता?”

“एक.”

“शंभर टक्के बरोबर. दाखवा.”

मी कॅन ओढला. ग्लास भरला, ओतला. “लाभ.” पुन्हा भरला, ओतला. “एक.” झाकण लावलं.

पोरगी बघतच राहिली. “आजी, हे दोन झाले.”

“एकच झाला. पहिला लाभाचा. तो मोजत नसतात.”

“कोण मोजत नसतात?”

“कोणीच! खळ्यावर ज्वारी मोजताना पहिलं माप लाभाचं, देवाच्या नावाचं. मोजणी त्याच्यानंतर. माझ्या सासूनं शिकवलंय.”

“आजी...” ती हळूच म्हणाली, “इंजिनाला देव माहीत नाही.”

वहीबाई, मी आयुष्यात गप्प बसले असेन तर दोनदा. एकदा नवरा गेला तेव्हा, आणि आज.

१० डिसेंबर, मंगळवार

काही नाही. लिही — काही नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

चार वर्षं. अकरा होड्या. रोज एकेक ग्लास जादा. देवाच्या नावानं मी धरणात तेल ओतत होते, आणि सकाळी उठून त्याच पाण्यावर फुंकर मारत बिरुदेवला शिव्या देत होते! एवढ्या तेलात सोलापूरच्या सगळ्या रिक्षा न्हाऊन निघाल्या असत्या.

दोन दिवस विचार केला. गुपचूप एकच ग्लास घालायला लागले असते तर कोणाला कळलं असतं? सना पोरगी काही बोलली नसती. ‘तुमच्यावर सोडते’ म्हणून गेली — फार हुशार आहे, घरात सून म्हणून आली असती तर मला जड गेलं असतं. पण हे गप्प बसून मिटणारं नव्हतं. बाकीचे धक्के आहेत ना! आमचं बघून पलीकडच्या काठावरही बायका लाभाचा ग्लास ओततात. मीच शिकवलंय, आठवड्याच्या बाजारात.

आज गुरुवार, इंजिन दुरुस्तीचा दिवस. भवानी पेठेतून गैबीसाब येतो. सगळे धक्क्यावर होते. मी गेले आणि सांगून टाकलं. “तेल माझ्यामुळं हाय. लाभाचा ग्लास मोजला न्हाय मी. काय बोलायचं ते बोला.”

गैबीसाब हातातला पाना ठेवून म्हणाला, “काकू, मेरेकू मालूम था.”

“काय?”

“दर गुरुवारी अकरा इंजिनांचे प्लग काळेकुट्ट. जादा ऑईलनंच होतं तसं. पण तुमच्या हाताला कोण बोलणार? आणि खरं सांगू? तुमच्या ग्लासामुळं मिळालेल्या प्लगच्या कामावर माझ्या पोरीची शिकवणी झाली!”

मेल्या! चार वर्षं माझ्या ओसरीवर चहा पितोय आणि एक शब्द नाही!

बिरुदेव मात्र घाबरला. “काकू, लाभ बंद केला तर इंजिन जाम व्हईल. मरळ येणार न्हाय.”

“तुझ्या जाळ्याला भोकं हायती म्हणून येत न्हाय मरळ. माझ्या ग्लासाचा काय संबंध?”

लोक हसले. मला हसले का त्याला, कोण जाणे. हसले एवढं खरं. घरी येताना पाटावरून कोणीतरी उठवल्यासारखं वाटलं. उगीच कशाला खोटं सांगू — वाटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

ओसरीवर आज चारच कॅन. बाकीचे म्हणे घरीच मिसळणार.

देवी उतरली.

१८ डिसेंबर, बुधवार

परत अकरा! घरी मिसळायला लागले तर बायकांनी अंगणात सांडलं, बिरुदेवनं तर ऑईलच्या जागी गोडेतेल घालायला घेतलं होतं. म्हणाला, रंग सारखाच की! मुकाट्यानं आले सगळे.

पण प्रत्येकाचं आपलं तेच. “काकू, लाभाचं थोडं तरी? एक थेंब?” माणसाचं मन फार हावरट. मी एक युक्ती काढलीय. पहिला ग्लास भरायचा, देवाकडं दाखवायचा, ‘लाभ’ म्हणायचं — आणि परत बाटलीत ओतायचा! मग दुसरा भरून कॅनात. देव खूश, इंजिन खूश. सनाला फोनवर सांगितलं. पाच मिनिटं हसत होती. म्हणाली, “आजी, हे आमच्या पुस्तकात नाही.” नसणारच. पुस्तक कोणी लिहिलंय? विसरणाऱ्यांनी.

तिनं सांगितलेलं बाकीचंही लावून दिलंय. टाकी होडीत भरायची नाही, काठावर भरायची. तोंडाला फडकं गुंडाळायचं. नरसाळं वापरायचं. गैबीसाबनं जुनं ऑईल चिखलात सांडलं तर त्याचा चहा बंद — त्यानं स्वतः डबा आणलाय, भरून परत नेतो.

आज हंडा बुडवला. शालूचा नुसता काठ उरलाय.

२६ डिसेंबर, गुरुवार

सनानं आज आधीच एक चाचणी घेतली, आपल्या समाधानासाठी. दहा होड्यांचे कागद जवळपास पांढरे. बिरुदेवचासुद्धा! तो कागद त्यानं घरी नेला. भिंतीला लावणार म्हणे.

अकरावा कागद जोतिरामचा. काळा.

मला वाटलं, ग्लास चुकला. पण माझ्याच हातानं घातलेला, एकच. सना म्हणाली, “नुसतं उभ्या-उभ्या चालू ठेवलं की हे इंजिन फार ओकतं. जोतिरामभाऊ, जाळ्याजवळ पोचल्यावर इंजिन बंद करता ना?”

हा जाळ्याची गाठ सोडवायला लागला.

बिरुदेव चोंबडा मधेच, “कुटं बंद करतोय! चार-चार तास घुरघुर चालूच. मासेबी कंटाळल्यात.”

“बंद करा की,” सना म्हणाली. “सगळे करतात.”

“माझी होडी, माझं इंजिन!” असा ओरडला जोतिराम! आवाज चढवणाऱ्यातला नाही हा पोरगा. जाळं तिथंच टाकून घरी गेला.

रात्री अर्धी भाकरी टाकून उठला. मी ती झाकून ठेवली. मी बोलले नाही म्हणजे केवढं झालं बघ, वहीबाई.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मी नुसतं विचारलं. “का बरं बंद करत नसंल गं तो?” लिहिता लिहिता पूनमचं पेन थांबलं.

मग म्हणाली, “आत्या, शाई संपली.”

शाई! परवाच आणलेल्या त्या पेनात!

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, वेळ अमावास्या. पूनमच्या माहेरी, वैरागला, दरवर्षी शेतात पंगत बसते. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. पहिली दहा वर्षं एकदाही चुकवली नाही हिनं. गेल्या साली नाही गेली, यंदाही म्हणाली, “नको आत्या, इथंच राहते.” तेव्हाच माझ्या डोक्यात किडा शिरला.

पहाटे कॅन भरून झाले की ही जाळी पोचवायला धक्क्यावर जाते. मी ओसरीवर, मला धक्का दिसत नाही. आज काठी घेतली आणि चिंचेपर्यंत गेले.

लिही पोरी. जे बघितलं ते सांगणार आहे, तू लिही.

जोतिराम होडीत बसला. इंजिनाकडं पाठ. इकडंतिकडं बघितलं, कोणी नाही. ही गुडघाभर पाण्यात उतरली. लुगडं खोचलेलं. इंजिनाची दोरी धरली, पाय रोवला, आणि एकाच झटक्यात — घुर्र! बिरुदेवला चार लागतात. मग ही मागं फिरली, धुणं घेऊन बसली, जसं काही झालंच नाही. तो गेला.

दोरी ओढायला खांदा लागतो. मी म्हातारी, इंजिन आहे तर खांद्याची चिंता मिटली म्हणत होते! एकदा बंद केलं तर पाण्याच्या मधोमध कोण चालू करणार? म्हणून तो बंदच करत नाही. चार तास, रोज, नुसतं तेल ओकत उभा.

— रडतीस काय? पान भिजेल. किती दिवस?

दीड वर्ष म्हणते. “त्यांनी शपथ घातली होती, आत्या.”

दीड वर्ष! आणि माझ्यासमोर बसून रोज लिहीत होती की बारावी कुठं कामाला येत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

आज त्याला समोर बसवलं.

“तिला होडीत घे. जाळ्याजवळ इंजिन बंद कर, ती परत चालू करंल.”

“बायकोनं इंजिन चालू केलं म्हणून धक्का हसंल, आये.”

“मला हसला. मेले का मी?”

“तुझं येगळं. तू म्हातारी.”

“आणि तू कोण? राजा?”

तो उठला. म्हणाला, यंत्रमागावर बोलणं झालंय, तपासणीआधीच इंजिन उतरवून ठेवतो, पंधरा तारखेपासून सोलापूर. दार आपटून गेला. दार डाव्या हातानं आपटलं, तेही मला दिसलं.

पूनम चुलीपुढं बसून होती. म्हणाली, “आत्या, त्यांना पाण्यावरनं नका ढकलू. पाण्यावर असले की ते बरे असतात.” मी म्हटलं, मी ढकलत नाही, लाज ढकलतीय. तिच्यात जोर जास्त.

६ जानेवारी, सोमवार

बिरुदेवला कळलं. अर्थात मीच सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणूनच सांगितलं. आता सगळ्या धक्क्याला आयतं कळेल. मग लपवायची मेहनत तरी वाचेल.

पूनम लिहायला नको म्हणत होती. म्हणाली, “आत्या, हे बरं नाही केलं.” नसेल. लिही.

७ जानेवारी, मंगळवार

कोणी हसलं नाही!

बिरुदेव दारात आला. खाली बघून म्हणाला, “वैनी, माझं इंजिन चार झटके खातंय. तेवढं बघता का?” पूनम गेली. एक झटका. गैबीसाबनं मुद्दाम फोन करून म्हटलं, एवढा जोर आहे तर गुरुवारी पाना धरायला या.

जोतिराम चिंचेखाली उभा राहून सगळं बघत होता. घरी आला, जेवला. कढी आणखी मागून घेतली.  इंजिन अजून होडीलाच आहे.

९ जानेवारी, गुरुवार

उद्या. मी काही विचारणार नाही. विचारलं तर तोंडात मारा माझ्या.

११ जानेवारी, शनिवार

आज अक्षर वेगळं दिसतंय ना, वहीबाई? जोतिराम लिहितोय. पेन धरायला खांदा लागत नाही.

काल अकराही कागद पांढरे — आमचाही, मंगळवारपासून इंजिन उभ्या-उभ्या घुरघुरलंच नाही आणि गुरुवारी गैबीसाबनं प्लग पुसला होता. आज पहाटे तो होडीपर्यंत गेला, जाळी आत टाकली, आणि स्वतः काठावरच उभा राहिला. म्हणाला, “जा तू. मरळ पुलाकडं हाय. जाळं मी सांगितलं तसं टाक.” ती एकटी गेली. इंजिन बंद झाल्याचा आवाज — म्हणजे आवाज नसल्याचा — आम्ही दोघांनी इथून ऐकला. मग परत घुर्र. यंत्रमागवाल्याला त्यानं ‘येत नाही’ म्हणून कळवलंय. आता जाळी विणणं, मासा निवडणं, कॅन भरणं याच्याकडं. मी नुसती ‘लाभ’ म्हणायला.

पुरे लिहिणं. ऊठ. दुपारी बिरुदेव तिकडं जाणार आहे, त्याच्या हाती तिला डबा पाठव. भाकऱ्या मी थापल्यात, तू बांध. शेंगाची चटणी, दही, कांदा फोडून. मासा नको, सकाळपासून त्याचंच तोंड बघतेय ती. आणि मिरच्या भाजून घाल, दोन नको, चार. तिला लई तिखट लागतं — बारा वर्षांत कधी विचारलं असतंस तर ठाऊक असतं.